इंजिनियर व्हायचे, पण कशासाठी?

दहावीची परीक्षा जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "पुढे काय करणार?" अनेक मुले-मुली चटकन सांगतात, "इंजिनियर होणार." उत्तर चांगले आहे. पण ते खरोखर तुमचे आहे का?

कोणाच्या अब्बांची तशी इच्छा असते. कोणाचा जिवलग मित्र त्याच शाखेला जाणार असतो. कोणाला मोठ्या पगाराची आशा असते, तर कोणाला गणितात भरपूर गुण मिळालेले असतात. यांतले एकही कारण वाईट नाही. वडीलधाऱ्यांना आपली काळजी असते आणि संसाराला कमाईही हवीच. परंतु माझ्या मते, एवढ्यावर पदवीची चार वर्षे निभत नाहीत. त्यासाठी मनाची ओढ लागते.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचेच उदाहरण पाहा. ते रामेश्वरमच्या शाळेत असताना शिवसुब्रमण्य अय्यर या शिक्षकांनी पक्षी कसा उडतो हे फळ्यावर चित्र काढून शिकवले. मग मुलांना समुद्रकिनारी नेऊन उडणारे पक्षी दाखवले. कलामांना उड्डाणाची ओढ लागली ती तेव्हापासून. पुढे भौतिकशास्त्र शिकल्यावर त्यांना कळले, की आपली वाट इंजिनियरिंगची आहे. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेशासाठी सुमारे १,००० रुपये हवे होते. घरात तेवढे पैसे नव्हते. तेव्हा त्यांची बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. शिक्षकांनी ओढ लावली, बहिणीने हात दिला. पण वाट कलामांनी स्वतः निवडली.

आजही अनेक घरांत फीसाठी असेच पोटाला चिमटा घेतला जातो. मग केवळ मित्र जातो म्हणून आपणही जावे, हे योग्य आहे का?

आपली ओढ ओळखणे अवघड नाही. भिवंडी-मालेगावात घराशेजारी यंत्रमाग चालतात. आडवा धागा तुटताच माग कसा थांबतो, हे पाहावेसे वाटते का? मिस्त्री पंखा दुरुस्त करीत असताना तुमचे पाय तेथे रेंगाळतात का? मुलींनो, हा प्रश्न तुम्हांलाही आहे.

उत्तर 'होय' असेल, तर उर्दू माध्यमाची भीती बाळगू नका. जेईई मेन ही प्रवेश परीक्षा १३ भाषांत होते. त्यांत उर्दू आहे आणि मराठीही आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्गही आहे.

उत्तर 'नाही' असेल, तर तेही अब्बा-अम्मींना मोकळेपणाने सांगा. शिक्षकांचा सल्ला घ्या. सल्ला सर्वांचा ऐकावा, पण निवड स्वतः विचार करून करावी.