जनित्राचा अट्टहास

निवासी मोटार घेऊन नळदुर्गाच्या परिसरात, बोरी नदीकाठी मुक्काम करावा आणि रात्रभर जनित्राची घरघर ऐकावी, यास वनविहार म्हणणाऱ्यांची आम्हांस कीव येते. बॅटरी भारावयास नको काय, असे ते विचारतात. अवश्य भारावी! परंतु शिसे-आम्लाची बॅटरी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने वीज घेते. पुढे प्रवाह मंदावतो व उरलेल्या भागास कित्येक तास लागतात. त्यासाठी जनित्र धडधडत ठेवणे म्हणजे वाटीभर पाण्याकरिता मोट हाकणे होय. सकाळी थोडा वेळ जनित्र चालवावे. उरलेले काम छतावरील सौर पॅनेलवर सोपवावे. धाराशिवच्या उन्हास कृपण कोण म्हणेल? रात्रीची शांतता मात्र एकट्या प्रवाशाची नव्हे. दिवसभर राबून निजलेल्या शेजारच्या वस्तीचीही ती आहे.