संस्कार हरवले कुठे?

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असतील, तर श्रेय संपादकांचं!

मी पार्लेकर, तेही पूर्वेचा. म्हणजे 'आमच्या वेळचं पार्लं राहिलं नाही' हे रोज ऐकत मोठा झालेला. आजची पिढी चंगळवादी, मोबाईलमध्ये बुडालेली, संस्कार म्हणून नाहीत... लग्नाच्या हॉलपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत हीच टेप.

पण त्या 'आमच्या वेळी' काय झालं होतं? १९२० साली लोकमान्य टिळक गेले. पार्लं तेव्हा मुंबईबाहेरचं लहानसं गाव. तिथल्या लोकांनी १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय काढलं आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. पु. ल. देशपांडे याच शाळेत शिकले. त्या लोकांनी नुसते गळे काढले नाहीत हो, शाळा काढली!

माझे आजोबा आणि बाबा दोघंही त्याच शाळेचे. माझ्या वेळी मात्र इंग्लिश मीडियमशिवाय चालायचं नाही, हे घरात एकमताने ठरलं. आजोबांसकट. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. आपले कॅम्पस इंटरव्ह्यू काही मराठीत होत नाहीत. आज तर त्याच संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळाही आहे. माझं म्हणणं एवढंच, की हे मॉलने किंवा मोबाईलने केलं नाही. आमच्या डायनिंग टेबलवर, चहा पिता पिता ठरलं. मग बोल फक्त आम्हालाच का?

गेल्या दिवाळीत होस्टेलवरून घरी गेलो. काचबिंदूमुळे आजोबांना आता वाचता येत नाही. म्हणाले, "दिवाळी अंकातली एक गोष्ट वाचून दाखव रे." दोन पानांना मला अर्धा तास लागला. प्रत्येक जोडाक्षराला ठेच. 'किंकर्तव्यमूढ'पाशी तर मी खरोखरच तसा झालो. शेवटी ते म्हणाले, "राहू दे, टीव्ही लाव." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

हल्ली मेसमधून आलो की रोज फोनवर त्यांना एक पान वाचून दाखवतो. रूममेट लातूरचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला. मी अडलो की तो पांघरुणातूनच शब्द ओरडून सांगतो. परवा आजोबांनी विचारलं, "तो मुलगा कोण रे? फोन त्याच्याकडेच दे ना!"