विश्लेषण : पित्ताची गोळी पुरेशी आहे का?

पोटाच्या वरच्या भागात आग, जेवणानंतर जडपणा, मळमळ, उपाशीपोटी दुखणे... या साऱ्याला घरोघरी एकच नाव आहे, ‘पित्त’. तिखट, चहा आणि जागरणाला दोष दिला जातो, दुकानातून गोळी आणली जाते. मात्र हा त्रास वारंवार परतत असेल तर त्यामागे ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू असू शकतो.

आम्लात हा जिवाणू टिकतो कसा?

जठरातील आम्लात बहुतेक जिवाणू मरतात. मळसूत्री आकाराचा हा जिवाणू मात्र ‘युरिएज’ हे विकर तयार करतो. त्यामुळे युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, भोवतालचे आम्ल सौम्य होते आणि जिवाणू जठराच्या अस्तरावरील चिकट थरात ठाण मांडतो. संसर्ग बहुधा बालपणीच होतो. घरातील व्यक्तींचा निकट संपर्क, दाटीवाटीची वस्ती, अस्वच्छ पाणी ही त्याची कारणे मानली जातात.

शोध कसा लागला?

अल्सर म्हणजे ताणतणाव आणि आम्लाचा आजार, असे डॉक्टरही दीर्घकाळ मानत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी ही समजूत मोडली. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे प्रयोगशाळेतील नमुने नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिले आणि त्यात हा जिवाणू वाढलेला दिसला. तरीही अनेकांचा विश्वास बसेना. अखेर १९८४ मध्ये मार्शल स्वतःच जिवाणूंचे द्रावण प्यायले. काही दिवसांत त्यांना उलट्या होऊ लागल्या, तपासणीत जठराचा दाह आढळला. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

धोका किती?

संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. काहींना मात्र जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात अल्सर होतो, रक्तस्राव होतो, लोहाची कमतरता निर्माण होते. मोजक्या रुग्णांत पुढे जठराचा कर्करोग उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जिवाणूला कर्करोगकारक ठरवले.

तपासणी कोणती?

श्वासाची चाचणी, शौचाच्या नमुन्याची चाचणी किंवा एंडोस्कोपी करून घेतलेला जठराचा तुकडा यातून निदान होते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारख्या गोळ्या सुरू असतील तर जिवाणू असूनही चाचणीत दिसत नाही, असे होऊ शकते. त्यामुळे सहसा दोन आठवडे आधी त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवतात. रोज अशी गोळी घेणाऱ्याने ते डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवे.

उपचार अर्धवट सोडले तर?

आम्ल कमी करणारे औषध आणि किमान दोन प्रतिजैविके असा साधारण १४ दिवसांचा उपचार असतो. तोंड कडू पडते, पोट बिघडते. चार दिवसांत बरे वाटले की अनेक जण गोळ्या सोडतात. अर्धवट उपचारांतून तगलेल्या जिवाणूवर पुढे तेच औषध चालेनासे होते. क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या या जिवाणूचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नव्या औषधांची निकड असलेल्या जिवाणूंच्या यादीत केला. जुलाब, सर्दी-तापासाठी मनाने घेतलेली प्रतिजैविकेही या संकटाला हातभार लावतात. म्हणूनच उपचार पूर्ण करणे आणि ते संपल्यावर किमान चार आठवड्यांनी फेरतपासणी करणे आवश्यक ठरते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

प्रत्येक पोटदुखीमागे हा जिवाणू नसतो. वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो. पण काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, कारणाशिवाय वजन घटणे, गिळताना त्रास किंवा रक्तक्षय आढळल्यास ‘पित्त’ म्हणून थांबणे महागात पडू शकते. पित्ताची गोळी जळजळ शमवते, जिवाणू मारत नाही. महिनोन्‌महिने तीच गोळी घ्यावी लागत असेल, तर पुढचे पाकीट घेण्याआधी तपासणी व्हायला हवी.