भरतीचे गणित

मागच्या महिन्यात शनिवार-रविवारला जोडून शाळेला एक सुट्टी आली. मुलांनी समुद्राचा हट्ट धरला, म्हणून आम्ही सहकुटुंब दापोली तालुक्यातल्या हर्णैला गेलो. परतलो ते मासळीची पिशवी आणि मनाला लागलेली एक गोष्ट घेऊन. आज तीच सांगायची आहे.

हर्णैचे बंदर पाहायचे तर सकाळी लवकर पोहोचावे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. मोठ्या होड्या किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या असतात, कारण वाळूजवळ पाणी उथळ. मासळी लहान होड्यांतून अलीकडे येते. उथळ पाण्यात बैलगाड्या उतरवून ती वाळूवर आणण्याची इथली जुनी रीत आहे. लिलाव वाळूवरच, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी, म्हाकूल यांचे वाटे मांडलेले, भोवती माणसांचे कडे आणि बोली एवढ्या झपाट्याने चढते की आपण ऐकेपर्यंत सौदा झालेलाही असतो.

आम्हांला किनाऱ्याने मुरुडच्या दिशेने चालत जायचे होते. जाळे शिवत बसलेल्या एका वयस्क चाचांना सलाम करून वाट विचारली. सलामाचा जवाब देऊन त्यांनी आधी मुलांना जवळ बसवले, शेजारच्या कोळी बांधवाच्या किटलीतला चहा आम्हांला दिला आणि मग म्हणाले, "आता ओहोटी आहे, खुशाल जा. पण जेवायच्या वेळेपर्यंत मागे फिरा. तीन वाजता पुरी भरती आहे. खडकाजवळ अडकाल."

तीन वाजता हे कशावरून, असे आम्ही विचारले. चाचांनी शेजारी सुतळी गुंडाळणाऱ्या नातवाकडे बोट केले. "याला विचारा."

मुलगा असेल तेराचौदा वर्षांचा. मान वर न करता म्हणाला, "आज चाँदाची 3 तारीख. त्यात 1 मिळवायचा, म्हणजे तिथी आली 4. चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता भरती, त्याच्या सहा तास आधी नऊला ओहोटी. उद्या पाऊण तास पुढे."

"आणि पंधरवडा संपला की?"

"पुन्हा एकपासून मोजायचे. अर्धा तास इकडेतिकडे होतो. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही."

आमच्यातला शिक्षक जागा झाला. कितवीत आहेस, गणितात गुण किती? तो लाजला. चाचाच म्हणाले, "आठवीत आहे. गणितातच मार खातो. अपूर्णांक जमत नाहीत म्हणे. हल्ली शाळेत जायलाही कुरकुर करतो."

पाऊणपट क्षणात काढणाऱ्या मुलाला अपूर्णांक येत नाहीत! आम्ही हसलो आणि सवयीने, विचार न करता, बोलून गेलो, "अरे, नीट अभ्यास कर. नाहीतर होडीवर जावे लागेल."

हे वाक्य आम्ही वीस वर्षे वर्गात वापरत आलो आहोत. खाडीकाठच्या आमच्या शाळेत ते सगळेच शिक्षक वापरतात. मुले हसतात, विषय संपतो. इथे मात्र कोणी हसले नाही. चाचांच्या हातातली सुई थांबली. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सर, याच्या गुरुजींनीही हेच सांगितले. त्या दिवशी घरी येऊन यानं मला विचारलं, दादा, तुम्ही अभ्यास केला नव्हता का?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. माफी मागितली. चाचांनी हात धरून पुन्हा खाली बसवले आणि जे सांगितले ते आमच्या वर्गातल्या उपदेशापेक्षा कितीतरी खरे होते. नातवाने शिकावे अशी त्यांचीही इच्छा आहे. पूर्वी पहाटे गेलेली होडी संध्याकाळी घरी येत असे. आता मासळीसाठी दूर जावे लागते, होड्या कित्येक दिवस बाहेर राहतात. डिझेल, बर्फ, रेशन यांचा खर्च आधी वजा होतो, उरले तर मालकाचा आणि खलाशांचा वाटा. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना बंदी. ती त्यांना मान्य आहे, कारण तो मासळीच्या अंड्यापिल्लांचा काळ. पण प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीला केंद्र सरकारने 2017 साली बंदी घातली, तरी रात्री तसे दिवे दिसतात याची त्यांना चीड आहे. विम्याचा अर्ज आला की भरून देणारा माणूस शोधावा लागतो. "होडीवर जायचे तर जाऊ दे," ते म्हणाले, "पण कागद वाचता येणारा तांडेल होऊन जाऊ दे. तुम्ही मात्र त्याला दर्याची लाज शिकवू नका."

बी.एड.ला आम्ही एक सूत्र पाठ केले होते: ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. परीक्षेत त्यावर गुणही मिळवले. पण ज्या मुलाला समुद्र ज्ञात आहे, त्याला आम्ही अपूर्णांक शिकवतो तो कापलेल्या केकच्या चित्रावरून. त्याच्या बोटावरची पाऊणपट आम्ही कधी विचारलीच नाही. उलट, ज्या कष्टाच्या हलाल रोजीवर त्याचे घर चालते, तिचाच धाक त्याला घातला. असा मुलगा शाळेला कंटाळला तर दोष एकट्या त्याचा नाही.

त्या दिवशी आम्ही मुरुडपर्यंत गेलो नाही. वाळूवर काठीने 3/4 लिहिले आणि मुलाला सांगितले, "तू तोंडी करतोस ते हेच." त्याने 5, 6, 7 तिथींची भरती स्वतः लिहून काढली. सात तिथीला सव्वापाच आले, तेव्हा आमच्या मुलीनेही त्याच्याकडून ती रीत शिकून घेतली. जोहरच्या अजानीपर्यंत आम्ही तिथेच होतो. निघताना चाचांनी बांगडे दिले, पैसे घेईनात. शेवटी त्यांच्या सूनबाईंच्या हातात बळेच ठेवले.

सोमवारी शाळेत आम्ही ते जुने वाक्य बंद करत असल्याचे शिक्षककक्षात सांगितले. काहींनी थट्टा केली, दोघांनी मान हलवली. आठवीच्या वर्गात फळ्यावर चाँदाची तारीख लिहून भरतीची वेळ विचारली. मागच्या बाकावरचे तीन हात आधी वर आले, आणि ते तीनही हात आम्ही यापूर्वी वर आलेले पाहिले नव्हते.

वाचक बंधू-भगिनींनो, तुम्हीही मुलांना घेऊन एखाद्या बंदरावर जा. पसरलेले जाळे ओलांडू नका, न विचारता फोटो काढू नका, आणि दहावीस रुपयांसाठी कोळणीशी घासाघीस करू नका. सलाम-नमस्कार करून थोडा वेळ बसा. घरातले कोणी रिक्षा चालवत असेल, बेकरीत भट्टीवर असेल, शिलाई करत असेल, तर त्या कामाचे नाव घेऊन मुलांना भीती घालत नाही ना, हेही एकदा आठवून पाहा.

चाचांचा विम्याचा अर्ज भरून द्यायचे आम्ही कबूल केले आहे. इन्शाअल्लाह, पुढच्या सुट्टीत पुन्हा हर्णैला जाऊ. या वेळी ओहोटीची वेळ आमची मुलगीच काढणार आहे.