इन्व्हर्टरची बॅटरी: शिसं ठोकून नाही, थांबून कडक होतं

जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि लाइट गेली, की सगळी भिस्त इन्व्हर्टरवर. त्याची बॅटरी बहुतेकदा शिशाची. तांबं ठोकलं की कडक होतं. शुद्ध शिसं मऊच राहतं, कारण साध्या तापमानालाच त्याची आतली रचना पूर्ववत होते. म्हणून बॅटरीतल्या जाळीसाठी त्यात अँटिमनी किंवा चिमूटभर कॅल्शियम मिसळतात. ओतलेली जाळी काही दिवस नुसती ठेवली, की आपोआप कडक होते.

जुनी बॅटरी उघड्या भट्टीत वितळवली, तर कॅल्शियम जळून जातं आणि शिशाचा धूर लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरतो. म्हणूनच २०२२ चे बॅटरी कचरा नियम मला महत्त्वाचे वाटतात: जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी उत्पादकाची. तेव्हा भंगारात नको, दुकानातच परत द्या.