तरवडीचे पत्र, काबूलचा पडदा

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरातल्या फराळात एका पदार्थाची कायमची भर पडली. हे वाक्य दर दिवाळीला कोणत्या ना कोणत्या संपादकीयात येते, म्हणून आम्हीही ते उरकून घेतले. पण त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या नगर जिल्ह्यात जे घडले, त्याची आठवण दिवाळीत कोणी काढत नाही. १९१० मध्ये नेवासे तालुक्यातल्या तरवडीच्या मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले आणि ते खेड्यात बसून चालवले. १९११ मध्ये काबूलमध्ये महमूद तर्झींचे फारसी ‘सिराज-उल-अखबार’ निघू लागले. १९१२ मध्ये कलकत्त्याला ‘अल-हिलाल’ निघाले. त्याचे संपादक मौलाना आझाद पुढे आपल्या किल्ल्यात कैदी म्हणून येणार होते.

तरवडी आणि काबूल एका दमात कसे घेता, असे कोणी विचारेल. कारण फारसीतल्या बातमीचा धंदा नगरला परका नाही. निजामशाहीचा दरबार फारसीत लिहीत होता. इतिहासकार फिरिश्ता विजापूरला जाण्याआधी इथेच चाकरीला होता. आणि १७०६ च्या जानेवारीत थकलेला औरंगजेब छावणी घेऊन नगरला परतला, तेव्हा पुढचे वर्षभर हिंदुस्थानभरच्या बातम्यांचे टोक भिंगारच्या तंबूत येऊन पोचत होते. सुभ्यासुभ्यात बातमी लिहिणारे वाकनीस, त्यांच्यावर नजर ठेवायला खुफियानवीस, धावायला हरकारे. दरबारात काय घडले याची रोजची हस्तलिखित बातमीपत्रे वेगळी निघत. सेतुमाधवराव पगडींनी त्यातली कितीतरी मराठीत आणली. एकदा वाचायला घ्यावीत. कोणाला खिलत मिळाली, कोणाची मनसब घटली, कोणता किल्ला पडला, असा सगळा कोरडा मजकूर, तरी सुटत नाही. मनुचीने लिहून ठेवले आहे की रात्री नवाच्या सुमारास महालातल्या स्त्रिया सुभ्यांतून आलेली बातमीपत्रे बादशहाला वाचून दाखवत.

यंत्रणा मोठीच होती, पण सगळी बातमी चालली होती एका माणसाकडे. खेड्यातला कुणबी त्या कागदात शिरला तर थकबाकीदार म्हणून, नाहीतर दंगेखोर म्हणून. त्याच्याविषयी लिहिले जाई, त्याच्यासाठी नव्हे. ३ मार्च १७०७ ला बादशहा वारला आणि त्या यंत्रणेचा मुख्य वाचकच संपला.

छापखान्याने या रचनेला धक्का दिला, पण लगेच नाही. फारसीतले छापील वर्तमानपत्र तेहरानच्या आधी कलकत्त्याला निघाले. राममोहन रॉय यांचे ‘मिरात-उल-अखबार’ १८२२ चे, इराणातले पहिले पत्र १८३७ चे. रॉय यांनी वर्षभरातच, सरकारने परवान्याची सक्ती केली म्हणून निषेधाने ते बंद केले. आपल्याकडे १८३२ मध्ये बाळशास्त्रींचे ‘दर्पण’ आले, आणि जून १८४२ मध्ये अमेरिकन मिशनने नगरमधून ‘ज्ञानोदय’ काढला. हेन्री बॅलन्टाइन त्याचे पहिले संपादक. पत्र मिशनचे, हेतू धर्मप्रसाराचा, यात झाकण्यासारखे काही नाही. पुढे ते मुंबईला गेले. पण १८५५ मध्ये याच ‘ज्ञानोदया’त जोतीराव फुल्यांच्या शाळेतली मुक्ता मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहून गेली. तोवर त्या दुःखावर दुसरेच लिहीत होते, तेही लिहिलेच तर. शाळकरी मुलीने पेशवाईचा हिशेब मागणे आणि तो छापून येणे ही घटना मराठी पत्रकारितेच्या इतिहासात अजूनही तळटीपेत टाकली जाते, याचा आम्हाला राग आहे.

मुकुंदराव याच वाटेवरचे. ते कृष्णराव भालेकरांचे पुत्र. भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले होते. मुकुंदराव तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले, आणि ‘दीनमित्र’ हे नावही त्या घरातले जुनेच. त्या नावाचे मासिक गणपतराव पाटलांनी आधी चालवले होते. मुकुंदरावांनी पुणे-मुंबईचा रस्ता धरला नाही, इथेच आमच्या मते त्यांचे मोठेपण आहे. वर्तमानपत्र शहरात निघते आणि खेड्यात पोचते, हा प्रवाह त्यांनी उलटा फिरवला. कुलकर्ण्याची वही, सावकाराचे व्याज, भिक्षुकाची दक्षिणा हे त्यांचे विषय. ‘कुलकर्णी लीलामृत’ त्यांनी ओवीबद्ध लिहिले ते उगीच नाही. पोथी ऐकायला बसण्याची सवय गावाला होतीच. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही टोला कुठे बसला ते कळत असे, आणि ज्याला बसला त्याला तर नक्कीच. वाचक कसा घडवायचा यावर आज परिसंवाद भरतात. मुकुंदरावांनी वाचकाच्या आधी श्रोता धरला. १९६७ पर्यंत, म्हणजे त्यांच्या अखेरीपर्यंत, पत्र चालले.

तर्झींची गोष्ट वेगळ्या बाजूने सुरू होते. त्यांच्या घराला देशाबाहेर काढलेले. दमास्कसमध्ये राहून, तुर्कस्तानची पत्रे वाचून ते परतले आणि अमीर हबीबुल्लाच्या आश्रयाने पत्र काढू लागले. सुधारणा, शिक्षण, इंग्रजांपासून स्वातंत्र्य, सगळे त्यात होते, पण छत्र अमिराचे. अमीर १९१९ मध्ये मारला गेला, तोवर पत्रही थांबले होते. तर्झींची पत्नी अस्मा रस्मिया यांनी १९२१ मध्ये अफगाणिस्तानातले पहिले स्त्रियांचे नियतकालिक काढले, तेही राजघराण्याच्या सावलीतच. राजा उदार असेल तर पत्र उदार. अफगाण माध्यमांना पुढेही शंभर वर्षे कोणा ना कोणाच्या छत्राखालीच उभे राहावे लागले.

१९९६ मध्ये तालिबानने दूरचित्रवाणी बंद केली. जप्त केलेल्या कॅसेटींच्या फिती खांबांवर, झाडांवर लटकवल्या. २००१ मध्ये त्यांची सत्ता गेल्यावर मात्र जे झाले त्याला पूरच म्हणावे. २००३ मध्ये अर्मान एफएम, २००४ मध्ये तोलो टीव्ही. आपली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ दरी भाषेत, म्हणजे तिथल्या फारसीत, घरोघर पोचली. २००८ मध्ये सरकारने भारतीय मालिकांवर बंदीचा बडगा उगारला, तर वाहिन्यांनी हुज्जत घातली. मुली पडद्यावर बातम्या वाचू लागल्या. किंमतही मोजली. जानेवारी २०१६ मध्ये तोलोच्या सात कर्मचाऱ्यांना आत्मघाती हल्ल्यात मारले गेले.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतल्यावर हे सगळे काही महिन्यांत आटले. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सने त्या वर्षअखेरीस मोजदाद दिली: २३१ माध्यमसंस्था बंद, ६,४०० हून अधिक पत्रकार कामाबाहेर, आणि स्त्री-पत्रकारांपैकी पाचांतल्या चौघी घरी. मे २०२२ मध्ये निवेदिकांना चेहरा झाकायचा हुकूम निघाला. तोलोचे पुरुष सहकारी निषेध म्हणून मास्क लावून पडद्यावर बसले. औरंगजेबासारख्या कर्मठ बादशहाच्या महालातही बातमी बाईच्या तोंडून ऐकली जात होती, हे त्या हुकूमवाल्यांना कोणी सांगितले नसावे.

सगळे खापर बंदुकीवर फोडून मात्र चालणार नाही. तिथल्या वाहिन्यांचा मोठा भाग परदेशी मदतीवर उभा होता. मदत थांबली, जाहिराती गेल्या, आणि ज्यांना कोणी धमकावलेही नव्हते अशी केंद्रेही बंद पडली. पैसा कोणाचा, हा प्रश्न माध्यमाच्या वाढीत पहिल्या दिवसापासून असतो. भरभराटीत तो विचारायला लाज वाटते इतकेच.

तो इथे नगरमध्येही विचारला पाहिजे. आज जिल्ह्यात बातमीची वाण नाही. मोठ्या दैनिकांच्या जिल्हा पुरवण्या, नगरची आणि श्रीरामपूरची आपली पत्रे, आकाशवाणी, केबल, आणि वर प्रत्येक तालुक्यात हातात माइक धरलेली यूट्यूबवाली मंडळी. सकाळी मोबाइल उघडावा तो नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा ओसंडत असतात. पण पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराची मुले सहा महिने कुठल्या शाळेत जातात, अकोले तालुक्यातल्या ठाकर वाडीत एसटी का येत नाही, हे सांगणारा बातमीदार बहुधा बिनपगारी असतो, आणि जाहिरात आणण्याचे कामही त्याच्याच गळ्यात असते. ज्याच्याकडून सकाळी जाहिरात घेतली त्याच्याविरुद्ध त्याने संध्याकाळी लिहावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? आमच्या या अंकातही साखर कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या शुभेच्छा आहेत. त्यांच्याशिवाय अंक निघाला नसता, हे वाचकांनी जाणून पाने उलटावीत.

बातमीची वाण कशी असते, तेही नगरने पाहिले आहे. मौलाना आझादांना ऑगस्ट १९४२ मध्ये किल्ल्यात आणले तेव्हा सुरुवातीला वर्तमानपत्रही मिळत नव्हते. पत्रकारितेत उमेदीची वर्षे घालवलेला माणूस, आणि बाहेर काय चालले याचा पत्ता नाही. त्याने चहावर, चिमण्यांवर, संगीतावर पत्रे लिहिली, फारसी शेरांनी भरलेली. ती टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असून लिहिली. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून ती छापली गेली. नेहरूंनी इथेच लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’साठी किल्ला पाहायला येणाऱ्यांपैकी किती जण या पुस्तकाची चौकशी करतात, देव जाणे.

यंदाच्या अंकात आम्ही एक विभाग तालुक्याच्या बातमीदारांना दिला आहे. अट एकच घातली: गावात राहून, गावाबद्दल लिहायचे आणि आधी गावात वाचून दाखवायचे. दोघांनी वाचून दाखवल्यावर मजकूर मागे घेतला. कारण आम्ही विचारले, त्यांनी सांगितले, आणि ते आम्हाला पटले. त्यांची पाने कोरी सोडायची की भरायची यावर संपादक मंडळात बरीच वादावादी झाली. शेवटी कोरी सोडली आहेत, छपाईची चूक समजू नये. मानधन सगळ्यांना सारखे दिले आहे, त्या दोघांनाही.