आवृत्ती की पुनर्मुद्रण? नव्या फोनच्या निमित्ताने

नवा फोन घ्यावा की हातातला वापरत राहावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने चर्चेला घ्यावा इतका भारदस्त नाही, असे अनेकांना वाटेल. तो बाजाराचा, फार तर घरखर्चाचा प्रश्न. त्याचा वाङ्मयाशी काय संबंध? मला मात्र तसे वाटत नाही. 'नवे' आणि 'जुने' या दोन शब्दांवर आपल्या विषयाची निम्मी इमारत उभी आहे. नवकाव्य, नवकथा, नवता, परंपरा हे शब्द आपण वर्गात रोज वापरतो आणि अमुक कृतीला 'नवी' का म्हणायचे, याचे सकारण उत्तर विद्यार्थ्याकडून परीक्षेत मागतो. तेच आपण फोनच्या दुकानात उभे राहिलो की 'नवे' या शब्दाचा अर्थ ठरवण्याचे काम विक्रेत्यावर सोपवून मोकळे होतो. ही विसंगती आहे, आणि तिची किंमत सामान्य प्राध्यापकाला किंवा विद्यार्थ्याच्या पालकांना रोख मोजावी लागते.

आपल्या परिचयाच्या वस्तूपासून, म्हणजे पुस्तकापासून, आरंभ करू. प्रकाशनव्यवहारात 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' असे दोन शब्द आहेत. नव्या आवृत्तीत मजकुराचा पुनर्विचार झालेला असतो: काही गाळलेले असते, काही वाढवलेले असते, चुका सुधारलेल्या असतात. पुनर्मुद्रणात मजकूर तोच राहतो. कागद बदलतो, मुखपृष्ठ बदलते, किंमत तर हमखास बदलते. पुष्कळदा निव्वळ पुनर्मुद्रणावरही 'दुसरी आवृत्ती' असे छापलेले असते. म्हणून चांगला संशोधक छापील दाव्यावर विसंबत नाही. दोन प्रती शेजारी ठेवून पाने ताडून पाहतो. नवतेविषयीही आपली दृष्टी हीच असते. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली प्रसिद्ध झाल्या, पण त्या नव्या ठरल्या त्या सालामुळे नव्हे. त्याच सुमारास छापल्या गेलेल्या कितीतरी संग्रहांना आपण नवकाव्यात जागा देत नाही. नवेपणा हा कृतीने सिद्ध करायचा दावा असतो. दिनदर्शिकेने तो आपोआप मिळत नाही.

फोनच्या बाजारात मात्र तो दिनदर्शिकेनेच मिळतो. नावापुढचा आकडा एकाने वाढला की वस्तू नवी झाली, आणि त्याच क्षणी कालपर्यंतची नवी वस्तू जुनी झाली. तिच्यात काहीही बिघडलेले नसते. पुस्तकाच्या भाषेत सांगायचे तर गेली काही वर्षे बाजारात येणारे बहुतेक फोन ही पुनर्मुद्रणे आहेत. मुखपृष्ठावर मात्र 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' असे छापलेले असते.

वस्तूला जुनी ठरवण्याची ही कला फोनबरोबर जन्मलेली नाही. १९३२ साली, महामंदीच्या काळात, न्यूयॉर्कमधील बर्नार्ड लंडन या गृहस्थाने एक पुस्तिका काढली. मंदीवर त्याने सुचवलेला उपाय असा, की सरकारने प्रत्येक वस्तूला निर्मितीच्या वेळीच आयुष्याची मुदत घालून द्यावी; मुदत संपली की ती वस्तू कायद्याने 'मृत' समजून नष्ट करावी आणि तरीही जो ती वापरत राहील त्याच्यावर कर बसवावा. तशी सक्ती कोणत्या सरकारने केली नाही. करण्याची गरजही पडली नाही. १९६० मध्ये व्हान्स पॅकार्ड या अमेरिकन लेखकाने 'द वेस्ट मेकर्स' या ग्रंथात वस्तू कालबाह्य होण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या: कार्याच्या दृष्टीने, गुणवत्तेच्या दृष्टीने आणि इच्छेच्या दृष्टीने. म्हणजे जुन्या वस्तूला न साधणारे काम नवी वस्तू करू लागते. किंवा जुनी वस्तू झिजते, मोडते. किंवा ती धडधाकट असूनही आपले मन तिच्यावरून उडते, किंबहुना उडवले जाते. साठ वर्षांहून जुनी ही वर्गवारी आजही कामाची आहे. फोनचा निर्णय घेताना ती ओळीने लावून पाहावी.

पहिली तऱ्हा, कार्याची. मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांसाठी एके काळी हे कारण अगदी खरे होते. २०१० च्या आसपासच्या अनेक फोनांवर देवनागरी मजकूर नीट उमटत नसे. जोडाक्षरे फुटत, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटे, काही ठिकाणी नुसते चौकोन दिसत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. जुन्या टंकांना ते ठाऊकच नव्हते. आणि ज्या टंकाला 'ऱ्या' जमत नाही त्याच्या लेखी 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांत फरक उरत नाही. स्वयंपाक्याला पाठवलेला निरोप गुरुवर्यांना पोचतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांची गतही तीच. अशा फोनवरून सरळ देवनागरी दाखवणाऱ्या फोनवर जाणे ही खरीखुरी नवी आवृत्ती होती, आणि ज्यांनी त्या काळी पैसे मोजले त्यांनी ते योग्य कारणासाठी मोजले.

पण तो टप्पा केव्हाच मागे पडला. त्यानंतर मराठीच्या दृष्टीने जे उपयोगाचे बदल झाले, ते बहुतांशी फोन न बदलता मिळाले. २०१७ साली गूगलने मराठीसाठी बोलून टंकलेखनाची सोय दिली, ती कळफलकाच्या अद्यतनातून. म्हणजे मजकूर सुधारला, आणि हातातल्याच प्रतीत सुधारला. वाचन, लेखन, शब्दकोश पाहणे, व्याख्यान ध्वनिमुद्रित करणे, ग्रंथालयातल्या पानाचे छायाचित्र घेणे या आपल्या कामांपैकी पाच वर्षांपूर्वीच्या साध्या फोनला न जमणारे काम कोणते, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे आठवून पाहावे. यादी बहुधा कोरी राहील.

दुसरी तऱ्हा, गुणवत्तेची. फोन मंद होतो, दुपारीच मान टाकतो, आणि आपण म्हणतो, 'आता याचे वय झाले.' वय बहुधा बॅटरीचे झालेले असते. लिथियमची बॅटरी प्रत्येक भरण्यागणिक थोडी झिजते. तो रसायनाचा धर्म आहे, त्यात कोणाचे कारस्थान नाही. परंतु ती झीज ग्राहकाला कशी सांगितली जाते हा वेगळा प्रश्न आहे. बॅटरी झिजलेल्या जुन्या आयफोनांची गती आपण आज्ञावलीद्वारे कमी करतो, असे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केल्याचे कंपनीचे म्हणणे होते. ग्राहकांना याची कल्पना दिली नाही म्हणून फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. येथे बोध इतकाच, की ज्याला आपण फोनचे म्हातारपण समजत होतो ते पुष्कळदा बॅटरी बदलून जाणारे दुखणे होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार्जिंगची पिन, काच, बॅटरी बदलून देणारे कारागीर दिवसभर हेच काम करतात. पुस्तकाची शिवण उसवली तर आपण ते बांधून घेतो; रद्दीत घालत नाही.

तिसरी तऱ्हा, इच्छेची. तिच्याविषयी साहित्याच्या माणसाला अधिक सांगणे नको. सहकाऱ्याच्या हातातल्या फोनकडे पाहून स्वतःचा फोन एकाएकी ओशाळवाणा वाटू लागतो, त्या वाटण्याचे शास्त्र कादंबऱ्यांनी आपल्याला पुरेसे शिकवले आहे. इच्छा असणे पाप नाही. ज्याला परवडते त्याने केवळ हौसेखातर फोन घेतला तर त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. आग्रह एवढाच, की हौसेला हौसच म्हणावे, तिला 'कामासाठी लागतो' असे नाव देऊ नये. शिवाय फोनमुळे होणाऱ्या कार्बन-उत्सर्जनाचा मोठा वाटा त्याच्या निर्मितीतच, म्हणजे आपण तो प्रथम सुरू करण्यापूर्वीच, घडून गेलेला असतो. ही हौस तितकी निरुपद्रवी नाही हेही लक्षात असावे.

पॅकार्डच्या काळी नसलेली एक चौथी तऱ्हा मात्र आता आली आहे, आणि खरी गोम तिच्यातच आहे. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली म्हणून कपाटातली जुनी प्रत वाचता येईनाशी होत नाही. फोनची होते. कंपनी सुरक्षेची अद्यतने थांबवते. मग एकेक ॲप 'आपला फोन आता चालणार नाही' असे कळवू लागते. २०२५ च्या आरंभी व्हॉट्सॲपने अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या फोनांची साथ सोडली. ते फोन खूप जुने होते हे मान्य. पण ते फोन म्हणून चालत होते, आणि एका सकाळी कुटुंबाच्या, कामाच्या, वर्गाच्या गटांबाहेर पडले. बर्नार्ड लंडनला जे कायद्याने करायचे होते ते असे बिनबोभाट साधते.

जुने फोन वापरत राहणे हा केवळ साधेपणाचा, विरक्तीचा प्रश्न आहे असे मानणाऱ्यांशी माझा मतभेद येथे आहे. 'जुने ते सोने' ही म्हण फोनला लागू पडत नाही. ज्या फोनला सुरक्षेची अद्यतने मिळत नाहीत त्यावरून बँकेचे व्यवहार करणे यात तत्त्वनिष्ठा नाही, धोका आहे. म्हणून मुदतीचा प्रश्न महत्त्वाचा. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ साठी सात वर्षे अद्यतने देण्याचे वचन दिले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार प्रतिमानाची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अद्यतने आणि सात वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. दिशा बरी आहे. पण दीर्घ मुदत प्रथम महागड्या फोनांच्या वाट्याला येते. स्वस्त फोनांची मुदत बहुधा पुष्कळ कमी असते. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याचा फोन लवकर जुना ठरतो आणि त्यालाच तो वारंवार बदलावा लागतो.

आणि येथेच हा प्रश्न आपल्या वर्गात येऊन पोचतो. मार्च २०२० नंतर फोन हाच वर्ग झाला. टाळेबंदी उठली तरी ती सवय उरली. हजेरी, टिपणे, प्रश्नपत्रिका, सूचना सारे फोनवर. आपल्या समोरच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या हाती वडिलांनी वापरून दिलेला किंवा मोठ्या बहिणीकडून आलेला फोन असतो. आपण सहज म्हणतो, 'अमुक ॲप घालून घ्या.' त्या वाक्याने आपण कोणाच्या तरी घरी नव्या फोनचा खर्च काढलेला असतो, आणि ते आपल्या गावीही नसते. दोनशे पानांच्या पुस्तकाची झेरॉक्सवरून काढलेली, शंभर एमबीची पीडीएफ आपण गटावर टाकतो. विद्यार्थ्याच्या फोनवर ती उघडता उघडत नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असेल तर साधारण एका एमबीत मावतो आणि जुन्यात जुन्या फोनवर वाचता येतो, शोधता येतो. उलट युनिकोडपूर्व टंकांत बसवलेला एखादा जुना प्रबंध उघडला, तर लाखभर रुपयांच्या फोनवरही चिन्हांचा तोच गोंधळ दिसेल. तेव्हा फोन कालबाह्य आहे की आपले साहित्य वाटण्याची रीत, हे आधी तपासावे.

माझा पक्ष असा आहे. फोन बदलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. माझे कोणते नेमके काम आज अडते आहे? ते बॅटरी बदलून, जागा रिकामी करून वा दुरुस्तीने सुटेल का? आणि सुरक्षेची अद्यतने केव्हापर्यंत मिळणार आहेत? पहिल्याचे उत्तर ठोस असेल आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल, किंवा तिसऱ्याची मुदत संपली असेल, तर खुशाल नवा फोन घ्यावा; आणि घेताना कॅमेऱ्याचे आकडे नंतर पाहून अद्यतनांची वर्षे आधी विचारावीत. एरवी थांबावे. माझा फोन सहाव्या वर्षात आहे. गेल्या वर्षी त्याची बॅटरी बदलली. अद्यतने अजून काही महिने मिळतील. ती संपली की मी नवा घेईन, त्यापूर्वी नाही.

प्राध्यापकांनी मात्र चौथा प्रश्नही स्वतःला विचारावा: वर्गातला सर्वांत जुना फोन कोणता, आणि मी आज पाठवलेले टिपण त्यावर उघडते का? विद्यार्थ्यांच्या फोनांची आवृत्ती ठरवणे आपल्या हाती नाही. टिपणाची आवृत्ती ठरवणे आहे.